पाठकोरी कार्डं

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी खोली क्रमांक पंधराचं कुलूप उघडून आतलं सगळं सामान बाहेर काढण्यात आलं. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. फाटकावरच्या रखवालदाराच्या वहीत ती आहे: 'हातगाडी एक, माणसं दोन, आत ११.२०, बाहेर १२.०५.' पंचेचाळीस मिनिटं. एका बाईचं सगळं आयुष्य आवरायला एवढी पुरली, आणि त्यातली दहा तरी त्या दोघांनी चहात घालवली असणार.

मी त्या वेळी डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसले होते. तपासणीची तारीख व्यवस्थापकांनीच घेऊन दिली होती. वृद्धनिवासाची गाडीसुद्धा दिली. नऊ वर्षांत या माणसाने मला भर पावसात छत्री दिलेली नाही, आणि आज गाडी! मला तिथेच कळायला हवं होतं. पण थेंब घातल्यावर माणसाला समोरची भिंत दिसत नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं.

परत आले तर पंधराचं दार सताड उघडं. गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. खिडकीच्या कट्ट्यावर माझ्या शेजारणीची, सीची, चष्मा ठेवायची बशी, तीही उपडी.

काल संध्याकाळीच मी व्यवस्थापकांना जिन्यात गाठून विचारलं होतं, सीच्या लाकडी पेटीचं काय करणार? हसून म्हणाले, "घाई नाही बाई, सावकाश बघू आपण." 'आपण' म्हणाले. हा माणूस हसल्याशिवाय बोलत नाही. म्हणून आम्ही दोघी त्याला हसरा म्हणतो.

म्हणत असू.

सी २ नोव्हेंबरला गेली. आज नववा दिवस. आमच्या निवासाच्या नियम क्रमांक एकोणीसप्रमाणे वारस नसलेल्या रहिवाशाचं सामान आठ दिवसांनंतर निवासाच्या मालकीचं होतं. म्हणजे नियमात बसतं. मला नियम सांगायला कुणी येऊ नये. तो मीच लिहिला आहे, सहा वर्षांपूर्वी, समितीची चिटणीस असताना. पण नियम लिहिला तो ज्यांचं खरोखर कुणी नाही त्यांच्यासाठी. शेजारच्या खोलीत मी जिवंत बसलेली असताना लावायला नव्हे.

मला बाकी काही नको. पेटी हवी. शब्दकोशाच्या कचेरीतली जुनी दोन कप्प्यांची कार्डांची पेटी, सीने निवृत्तीच्या दिवशी रिक्षात घालून आणलेली. त्यात कोशाची जुनी कार्डं आहेत, असं ती म्हणायची. कधी उघडू दिली नाही. अभ्यासाची वस्तू आहे. भावनेचा प्रश्न नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी दहाला व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"पेटी कुठे आहे?"

"बाई, नाश्ता झाला का?"

"पेटी."

"बाई, नियम तुम्हालाच ठाऊक. वारस असता तर एक कागद घेऊन आम्ही हातात दिली असती. त्यांच्या रहिवासी अर्जात वारस नाही."

"अर्ज दाखवा."

"नको बाई."

"नको म्हणजे?"

"म्हणजे, राहू द्या. कशाला?" आणि हसले. पण आजचं हसू जरा वेगळं होतं, दात झाकलेलं. म्हणजे अर्जात खाडाखोड आहे. ती झाकत आहेत. माझी खात्री आहे. सी विसराळू होती, पण नात्याचा रकाना रिकामा सोडण्याइतकी नव्हे.

खोलीत येऊन दार लावलं आणि मला एकदम 'चीट' आठवला.

हे लिहून ठेवते, कारण उद्या माझ्यानंतर ही वही वाचणाऱ्याला काही कळायला हवं. आम्ही दोघी एकतीस वर्षं कोशाच्या कचेरीत होतो. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत अर्थ द्यायचं काम. ज्याच्याकडे जे अक्षर, तेच त्याचं नाव. ती सी, मी एम. तिची कार्डं तपासायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं आणि माझी लाल शाई कधी वाळत नाही, अशी कचेरीत ख्याती होती.

तर 'चीट'. फसवणे, लबाडी करणे. सीने पाच अर्थ दिले होते. परीक्षेत दुसऱ्याच्या वहीत डोकावणं, पत्त्यांत लबाडी, नवराबायकोतली, ग्राहकाची, आणि मरणाच्या दारातून परत येणं, त्यालाही इंग्रजीत मरणाला चीट केलं म्हणतात. इथवर ठीक. पण कार्डाच्या तळाशी तिने बारीक अक्षरात शब्दाची जन्मकथा घातली होती. पूर्वी त्या देशात बिनवारशी माणूस मेला की त्याची जमीन राजाकडे जाई. त्या प्रकाराला 'एस्चीट' म्हणत. कोण बिनवारशी हे ठरवायला राजाचे अधिकारी असत, आणि ते असे काही निघाले, की लेकरंबाळं दारात रडत उभी असतानाही हे वहीत लिहीत, वारस नाही. लोक इतके पोळले, की त्या कायद्याच्या नावाचं पुढचं अक्षर झडून फसवणुकीचाच शब्द झाला.

मी ते सगळं लाल शाईने कापलं. वर लिहिलं: 'वाचकाला अर्थ हवा, वंशावळ नको.'

सी माझ्या टेबलाशी आली. "एम, हे एवढं राहू दे ना गं."

"जागा नाही."

"बघ तर. हा शब्द फसवणाऱ्यांनी नाही केलेला. फसलेल्यांनी केलाय. म्हणून राहू दे."

"सी, हा कोश आहे, कीर्तन नव्हे."

ती हसली आणि कार्ड घेऊन गेली. छापील कोशात ती ओळ नाही.

आता मला ती ओळ परत हवी. ती पेटीत असणार. हसऱ्यासमोर नेऊन आपटायची आहे.

आणखी एक. परवा बाजूच्या खोलीतल्या कर्नलच्या बायकोने विचारलं, शेवटी बोलणं झालं का सीशी? नाही झालं. इस्पितळात अतिदक्षता विभागात फक्त नातेवाइकांना सोडतात. दारातल्या नर्सने विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" मी म्हटलं, सहकारी. ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "आजी, बहीण म्हणा ना. मी कुठे बघायला बसलेय." मी म्हटलं, बहीण नसताना बहीण कशी म्हणू? बाहेरच्या बाकावर एकतीस तास बसले. नवव्या वर्षी एका पेन्सिलीवरून खोटं बोलले होते, तेव्हा कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी गळ्यात पाटी अडकवून मला बाकावर उभं केलं होतं. त्यानंतर मी खोटं बोललेले नाही. साठाहून जास्त वर्षं झाली. याचा मला अभिमान आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारच्या ताटात एक विचित्र प्रकार.

आमच्याकडे प्रत्येक ताटावर एक चिठ्ठी असते, खोलीचा क्रमांक आणि पथ्य. माझ्या चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे '१४, मीठ कमी'. एरवी ती जुन्या कॅलेंडरची कापलेली पट्टी असते. आज जाड कार्ड होतं. हाताला ओळखीचं वाटलं. उलटून पाहिलं तर सीचं अक्षर.

'हातरुमाल. (ना.) घडी घातली की कुणाच्याही खिशात बसणारा माणूस. उदा. "विश्वस्त कसले, हातरुमाल आहेत सगळे." एम, सभेनंतर, जिन्यात, ३ जुलै.'

मी म्हटलं होतं खरं. पण ही कोशातली कार्डं नव्हेत. हे काय आहे?

आजूबाजूला पाहिलं. बेचाळीस ताटं, बेचाळीस कार्डं. माझ्यासमोर बसणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई आपलं कार्ड वाचून खोकत होत्या. हसू आलं की त्या खोकतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उलगडा झाला. सी माझं बोलणं टिपत होती! वर्षानुवर्षं, मला न सांगता, मी चिडून कुणाला काय म्हटलं, कुठे, कोणत्या तारखेला. अक्षराच्या क्रमाने लावून ठेवलं होतं. ज्या बाईला मी रोज माझ्या दारातून आत घेतलं, ती माझ्यावर पाळत ठेवून होती. ही फसवणूक नाही तर काय? ती जिवंत असती तर मी आठ दिवस बोलले नसते. चार दिवस तरी.

आणि हसऱ्याने ती कार्डं पाठकोरी म्हणून स्वयंपाकघरात दिली. काटकसर! पेटीत आता किल्ल्या टांगणार आहेत, असं रखवालदार म्हणाला.

आज संध्याकाळी कर्नलच्या बायकोच्या ताटावर आलेलं कार्ड उतरवून ठेवते, तिने वाचून मग माझ्याकडे सरकवलं:

'हं. (एमचं.) अर्थ सहा. १. नको. २. हवं, पण तू पुन्हा विचार. ३. झोप आली. ४. तुझं बरोबर होतं (वर्षातून एकदा). ५. दुखतंय, सांगणार नाही. ६. पाहा: असू दे.'

चुकीचं आहे. 'हं'ला सहा अर्थ नाहीत.

सूप सांडून पाचव्या अर्थाची शाई पसरली आहे. रुमालाने टिपली. उशीखाली ठेवून सपाट करते आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जेवण झाल्यावर टेबलाटेबलाशी जाऊन कार्डं गोळा केली. एकोणीस मिळाली. बाकी उष्ट्याबरोबर गेली. लोकांना गंमत वाटते आहे. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचलं: "'सपक. दात सगळे, मन कुठेच नाही असं हसणं. उदा. व्यवस्थापक सपक हसतात, वरून मीठ भुरभुरावं लागेल.'" सगळं जेवणघर हसलं. पथ्यवालेसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं.

कर्नलच्या बायकोने आपलं कार्ड द्यायला वेळ लावला. पेल्याखाली दाबून धरलं होतं.

"हे तुम्हाला द्यावं की नको, असं झालंय मला," म्हणाली.

"माझं बोलणं आहे, मला द्या."

"तुमचं बोलणं आहे, पण लिहिलेलं तिचं आहे." मग दिलं. दिल्यावर माझ्या दंडावर उगाच हात ठेवला. मला ते आवडत नाही.

'सहकारी. एम माझी ओळख करून देताना हा शब्द वापरते. अर्थ: सांगता येत नाही. पाहा: असू दे.'

कोशात 'सांगता येत नाही' असा अर्थ देत नाहीत. हे कार्ड तपासायला माझ्याकडे आलं असतं, तर मी परत पाठवलं असतं. सीला हे ठाऊक होतं. म्हणूनच दाखवलं नाही.

पण 'असू दे' म्हणजे काय लिहिलं असेल तिने? दोन कार्डं तिकडेच बोट दाखवतात. मी 'असू दे' म्हणतच नाही. मी काहीच असू देत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारचं जेवण संपल्यावर स्वयंपाकघरात गेले. मुख्य स्वयंपाकीणबाई भांडी मोजत होत्या.

"आजी, इकडे ओलं आहे, पडाल."

"उरलेली कार्डं द्या."

"माझ्याकडे कुठे आहेत? साहेब कपाटातून मोजून बेचाळीस काढून देतात. सकाळी बेचाळीस, संध्याकाळी बेचाळीस. किल्ली त्यांच्या कमरेला." मग दाराकडे पाहून म्हणाल्या, "आत्ता कपाट उघडं आहे. बघा हवं तर. हात लावू नका, माझी नोकरी आहे."

पाहिलं. ते मागच्या टोकाकडून काढतात. ह संपला, स संपला, श चालू आहे. उरलेली कार्डं मी बोटाने मापली. कचेरीत आमचा हिशेब होता, बोटाच्या एका पेरात शंभर कार्डं. सहा पेरं भरली. दिवसाला चौऱ्याऐंशी. म्हणजे अ लागणार रविवारी. 'असू दे' अ च्या शेवटाकडे असणार, तेव्हा रविवार, २३ तारीख, संध्याकाळचं जेवण. एकतीस वर्षांच्या नोकरीचा एवढा तरी उपयोग झाला.

जाता जाता विचारलं, "बाई, मी कधी 'असू दे' म्हणते का हो?"

त्या हसायला लागल्या. "तुम्ही? दिवसातून वीसदा! सीताईंनी तुमची खुर्ची ओढली, असू दे. शाल आणून दिली, असू दे. आम्ही तर तुमच्या मागे तुम्हाला असूदेआजी म्हणतो."

"खोटं."

"बरं, खोटं." फडक्याने हात पुसले. "आणि आजी, आता तुमच्या पावाच्या कडा तशाच येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला बेचाळीस ताटं असतात."

मला समजेना. पावाच्या कडा माझ्या दातांना लागतात म्हणून मी सात वर्षांपूर्वी समितीला कडक पत्र लिहिलं होतं. तेव्हापासून निवासाने माझा पाव कडा कापून द्यायला सुरुवात केली. या जागेत माझ्या लेखणीचा तो एकच विजय.

"निवासाने कसलं," त्या म्हणाल्या. "सीताई यायच्या रोज अकराला. सुरी घेऊन उभ्या राहायच्या इथे, आणि कडा स्वतः खायच्या, चहात बुडवून. म्हणायच्या, तिला सांगू नका हं, तिला वाटू दे पत्राने झालं."

सात वर्षं. रोज. मला म्हणायची, जिना उतरून पाय मोकळे करून येते.

म्हणजे हेही खोटंच. पाळत आणि वर खोटं. या बाईबरोबर मी राहत होते तरी कशी?

आज संध्याकाळी पाव खाल्ला नाही. दात दुखतात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लेखी समज आली. मी 'इतर रहिवाशांच्या ताटांत हात घालते' अशी तक्रार आहे. 'मन शांत होईपर्यंत' माझं ताट खोलीत येईल. वर दोन शब्द अशुद्ध. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली.

ताट आलं. चिठ्ठी कॅलेंडरची. माझ्यापुरती त्याने पुन्हा कॅलेंडर कापलं!

एकूण एकसष्ट कार्डं माझ्याकडे आहेत. आता आणखी मिळणार नाहीत. व, ल, र जातील, मी इथे बसून मोजायचं. खाली जेवणाची घंटा झाली की वहीत आकडा लिहिते. बेचाळीस.

भिंतीला कान लावला. उगाच. पलीकडे सी पहाटे घसा साफ करायची, त्याची चीड यायची. लोखंडी खाट ओढल्याचा आवाज आला. रंगारी असावेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अर्ज पाहिला.

त्यासाठी मी व्यवस्थापकांच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. नऊपासून. म्हटलं, दाखवेपर्यंत उठणार नाही, आणि वर्तमानपत्राला लिहीन, की या निवासात मेलेल्या बाईच्या अर्जात खोटं लिहून तिचं सामान लाटतात. सव्वाबाराला त्यांनी मला आत बोलावलं. हसत नव्हते. पहिल्यांदाच पाहिलं त्यांचं हसू नसलेलं तोंड. थकलेला माणूस आहे.

"मी टाळत होतो, बाई. तुमच्यासाठी टाळत होतो."

"मला तुमची दया नको. कागद द्या."

दिला.

अर्ज सीचा. अक्षर सीचं. जवळच्या व्यक्तीचं नाव: तिथे माझं नाव, पूर्ण, वळणदार. नाते: 'बहीण'.

त्या 'बहीण'वर आडवी लाल रेघ. वर लिहिलेलं: 'कोणी नाही'. समासात: 'खोटी नोंद. दुरुस्त केली.' आणि खाली सही. चिटणीस, रहिवासी समिती.

अक्षर माझं आहे. शाई माझी आहे.

"तुम्ही तेव्हा बेचाळीसच्या बेचाळीस अर्ज तपासले होते," व्यवस्थापक म्हणाले. "सतरा परत पाठवले. आठवतं?"

आठवतं. आता आठवतं. सीला अर्ज परत न पाठवता मी स्वतःच दुरुस्त केला, तिच्या खोलीत, खिडकीशी. मला वाटलं, मैत्रीखातर तिचा हेलपाटा वाचवते आहे.

"अगं राहू दे की, कोण विचारायला येणार आहे?" म्हणाली होती.

"आणि आलं तर?"

"तर तू सांग, हो, बहीण आहे."

"मी खोटं बोलत नाही, सी."

"ठाऊक आहे बाई. साऱ्या जगाला ठाऊक आहे." आणि खाली सही करून दिली. मान्य म्हणून. मग उठून चहा केला. मला चांगलं आठवतं, त्या दिवशी तिने दोनदा साखर घातली. मी तिला बोलले, लक्ष कुठे आहे तुझं?

मी कागद परत टेबलावर ठेवला. व्यवस्थापकांनी पाण्याचा पेला पुढे केला.

मी म्हटलं, "असू दे."

गुरुवार, २० नोव्हेंबर

त्या अधिकाऱ्यांबद्दल विचार करते आहे. राजाच्या. दारात कोण रडतं आहे ते त्यांना दिसत नसेल असं नाही. पण वहीत रकाना असतो आणि रकान्यात पुरावा लागतो. कदाचित त्यातला एखादा अगदी सचोटीचा असेल. त्याला रात्री झोप शांत लागत असेल.

ताट परत पाठवलं.

इस्पितळातला तो दरवाजा कसा होता हे मला नीट आठवतं. हिरवा, मध्ये गोल काच. काचेतून दिसायचे ते फक्त पाय, पांघरुणाखालचे. ते तिचेच होते का, हेही नक्की नाही. शेवटच्या पलंगावर होती म्हणाले. एक शब्द म्हटला असता तर आत गेले असते. नर्सने तो शब्द माझ्या हातातसुद्धा दिला होता. मी तो तपासून परत केला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कर्नलची बायको आली. दार न वाजवता. माझ्या खाटेवर बसली, पदराआडून कार्डं काढली. तेवीस. म आणि न. पुसून, कोरडी करून.

"डॉक्टरीणबाईंनी आणि मी मिळून जमवली. त्या म्हणतात, आम्ही ताटांत हात घातला तर कोण बोलतंय बघू."

मी कार्डं क्रमाने लावायला लागले.

"आता 'हं' तरी म्हणा," ती म्हणाली.

"हं."

"त्यातला कितवा हा?"

पाचवा. पण ते मी तिला सांगितलं नाही.

रविवारी त्या पुन्हा प्रयत्न करतील. पण ताटं बेचाळीस आहेत आणि म्हाताऱ्या दोन. संध्याकाळी सूप असतं.

दुपारी टेबलाशी बसले आणि हे पत्र लिहिलं. मूळ प्रत व्यवस्थापकांच्या हातात देऊन पोच घेतली आहे, चार वाजून दहा मिनिटांनी. एक प्रत विश्वस्तांना. ही नक्कल.

'व्यवस्थापक, यांस.

विषय: खोली क्रमांक पंधरा येथील रहिवाशाच्या अर्जातील चूक.

वरील अर्जात नात्याच्या रकान्यात तत्कालीन चिटणिसांनी लाल शाईने 'कोणी नाही' असं लिहिलेलं आहे. ती नोंद खोटी आहे. चिटणिसांना तसं लिहिण्याचा अधिकार नव्हता, आणि माहितीही नव्हती. मूळ नोंद 'बहीण' हीच खरी मानावी.

मी तिची बहीण आहे. रक्ताची का, आईकडून का, वडिलांकडून का, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. मी कुठेही, कुणाहीसमोर, हात वर करून, सही करून हेच सांगेन. हे खोटं आहे असं ज्याला सिद्ध करायचं असेल त्याने करावं आणि माझ्या गळ्यात पाटी अडकवावी. मी बाकावर उभी राहायला तयार आहे. मला सवय आहे.

वारस या नात्याने मी पेटी मागत नाही. किल्ल्या टांगा. गादी, खाट, बशी, काहीही नको. कपाटातली उरलेली सगळी कार्डं, लिहिलेली बाजू वर करून, क्रम न बदलता, माझ्या स्वाधीन करावीत. त्यांपैकी कोणतंही कार्ड यापुढे कोणत्याही ताटावर जाऊ नये. विशेषतः अ.

ताटावरच्या चिठ्ठ्यांसाठी मी माझ्या समितीच्या सहा वर्षांच्या इतिवृत्तांची वही सोबत देत आहे. पानं दोनशे चाळीस, मागची बाजू पूर्ण कोरी. पुढच्या बाजूला कुणाच्या उपयोगाचं काही नाही.

या पत्राचं उत्तर रविवार, २३ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजण्याच्या आत मिळावं. साडेपाचला तुम्ही चिठ्ठ्या मोजता, हे मला ठाऊक आहे. उत्तर लेखी हवं, सहीशिक्क्यासह हवं, आणि ते पाठकोऱ्या कागदावर नको.

खोली क्रमांक चौदा.
नाते: बहीण.'